डबा फुंकायचा नाही, ओढायचा

तुमच्या बाबांची बायपास तीन आठवड्यांवर आलीय, मुंबईच्या डॉक्टरांनी नळी लावलेला, आत प्लास्टिकचे तीन गोळे असलेला डबा (स्पायरोमीटर) देऊन श्वासाचे व्यायाम सांगितलेत, आणि गुहागरचे शेजारी म्हणतायत, "हृदय अधू असताना माणसाला दमवता कशाला?" मी बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिजिओथेरपी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेजारी अगदीच चुकीचे नाहीत. बसल्या जागी छातीत दुखत असेल किंवा झडप फार अरुंद झाली असेल, तर किती करायचं ते कार्डिओलॉजिस्टलाच विचारा. तशी मनाई नसेल तर मात्र हे तीन आठवडे आरामखुर्चीत घालवू नका.

ऑपरेशन हृदयाचं, पण पुढे त्रास देतात ती फुप्फुसं. भूल दिली की त्यांचा पाठीकडचा, खालचा भाग मिटतो. त्यात छातीचं मधलं हाड उभं कापलेलं. शुद्धीवर आल्यावर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ तिथेच साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. नेदरलँड्समध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त जोखमीच्या 279 बायपास रुग्णांपैकी निम्म्यांकडून आधी किमान 2 आठवडे, रोज 20 मिनिटं श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंचा व्यायाम करून घेतला. न्यूमोनिया झाला त्यांच्यातल्या साडेसहा टक्क्यांना, इतरांमध्ये सोळा टक्क्यांना. मात्र तिथलं साधन वेगळं होतं: श्वास ओढताना अडथळा देणारं, आणि तो अडथळा हळूहळू वाढवता येणारं. नुसत्या गोळ्यांच्या डब्याचा तेवढा भक्कम पुरावा नाही. तसं साधन वापरावं का, हे तुमच्या फिजिओला जरूर विचारा.

आता डबा. माझ्याकडे वेंगुर्ल्याकडचे एक गुरव आले होते, जन्मभर देवळात शंख फुंकलेले. डबा तोंडाला लावला, गाल फुगवले, जीव खाऊन फुंकले. गोळा तसूभर हलला नाही. म्हणाले, "ह्यो डबो बिघडलेलो आसा." मी म्हटलं, काका, शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने ओढता ना, तसं ओढा. पहिला गोळा टुणकन वर! निम्म्याहून जास्त लोक हीच चूक करतात. फुगे फुगवायला लावणं तर त्याहून वाईट. श्वास कोंडून जोर लावणं हृदयरुग्णाला नकोच.

आधी श्वास सहज सोडायचा, ओठ नळीवर घट्ट, मग सावकाश ओढायचं. पोट पुढे यायला हवं, खांदे वर जायला नकोत. डब्यावरचे 600, 900, 1200 हे आकडे वेगाचे आहेत, हवा किती आत गेली त्याचे नाहीत. हिसका देऊन तिसरा गोळा उडवण्यापेक्षा पहिलाच दोन-तीन सेकंद वर तरंगता ठेवलेला बरा. चार-पाच श्वास झाले की थांबा. गरगरलं तर त्या आधीच.

खरं सांगायचं तर मला डब्यापेक्षा उशी महत्त्वाची वाटते. छोटी, घट्ट उशी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायची, खोल श्वास घ्यायचा, आणि आरशावर वाफ धरताना करतो तसा 'हाः' करत सोडायचा. शेवटी एकच खोकला. हे आत्ता शिकवा. ऑपरेशननंतर नळ्या लावलेल्या असताना, दुखत असताना कुणी नवीन शिकत नाही. कुशीवर वळून, हातावर भार न देता उठायचा सरावही आत्ताच.

बिडी असेल तर आजच बंद. मिश्रीसुद्धा. "ती काय फुप्फुसात जाते?" असं मला नेहमी ऐकवतात, पण निकोटीन रक्तात जातंच, आणि नाडी नि रक्तदाब वाढवतं.

ती उशी मुंबईला न्यायला विसरू नका. परत येताना गाडीत सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये ठेवायची. महामार्गाच्या खड्ड्यांत ती लागणारच आहे.