शनिवारचे दोन तास

"मॅडम, शनिवारी जाणं बंद करावं म्हणतेय," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. वय सत्तावीस, हिंजवडीत नोकरी. दीड वर्ष पुण्यातल्या एका विशेष मुलांच्या शाळेत दर शनिवारी दोन तास शिकवायला जाते. कारण विचारलं तर डोळे भरून आले.

तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तिच्या शनिवारच्या विद्यार्थ्यालाही तेच, वयही तेवढंच. हा गाडीतून येतो, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी. तो घरात, आई कामावर गेली की बाहेरून कडी. जवळच्या शाळेनं "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलेलं, तेही तोंडी. "म्हणजे ज्यांना आधीच मिळतंय त्यांनाच मी देतेय. हे ढोंगच ना?"

स्वयंसेवा करणारी तरुण मुलं हा प्रश्न घेऊन बऱ्याचदा येतात. तरी पहिल्या भेटीत मी चुकलेच. "अगं, तू करतेस तेही काही कमी नाही," असं बोलून गेले. ती "हं" म्हणाली आणि घड्याळाकडे बघितलं. धीर द्यायची घाई आम्हा समुपदेशकांनाही सुटत नाही.

दुसऱ्या भेटीत विचारलं, "गेल्या शनिवारी नेमकं काय केलंस?" मग मात्र ती हातवारे करत सांगायला लागली. शर्टाचं बटण लावणं. जाड कापडावर रुपयाएवढी बटणं शिवलेली. बटण काजातून अर्धं आपण बाहेर काढायचं, शेवटचं ओढणं तेवढं त्याचं. ते जमलं की एक पायरी मागे यायचं. असं उलटं शिकवल्यानं "लागलं!" म्हणायची पाळी दर वेळी त्याचीच. एका बटणाला अकरा शनिवार गेले होते.

"मावशींना दाखवलंस हे कधी?"

ती गप्प. सुचलंच नव्हतं.

तिची टोचणी खोटी नव्हती, म्हणून ती घालवायच्या फंदात मी पडले नाही. फक्त म्हटलं, आधी मावशींना काय हवंय ते विचार; त्यांची पालक होऊ नकोस. मावशींचं उत्तर तिला अनपेक्षित होतं: "ताई, आधी शी-शू सांगायला शिकवा. शाळेचं मग बघू."

कायदा खरं तर मावशींच्या बाजूचा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळायला हवं. शाळांसाठीच्या सरकारी समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक असतात, प्रवास आणि मदतनीस भत्ताही असतो. पण दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात एक खेप म्हणजे चार घरांचा खाडा, आणि एका खेपेत काम झालंय असं मी तरी क्वचितच पाहिलंय. मावशींचं घोडं अडलं होतं ते इथे.

मग तिनं दोन रजा टाकल्या. एकदा रांगेत मावशींबरोबर उभी राहिली, एकदा शाळेत प्रवेशाचा अर्ज लेखी देऊन पोच घेतली. (पोच मागितली की "सोय नाही" म्हणणारा सूर जरा बदलतो, हा माझा अनुभव.)

आणि शनिवार? सोडायचाच असेल तर दोन आठवडे आधी त्या मुलाला सांग, कॅलेंडरवर फुली मारून दाखव, असं मी बजावलं होतं. वाढदिवसाला केक घेऊन येणारी आणि परत न दिसणारी माणसं त्या मुलांना भरपूर भेटतात. तिनं सोडला नाही. रविवारी सकाळी अर्धा तास मावशींकडे वाढवला. बटणांचं कापड तिथंही गेलं, शी-शूचं वेळापत्रक भिंतीवर लागलं.

जूनमध्ये मुलाचं नाव पटावर आलं. त्याला शाळेत रोज नेणार-आणणार कोण, हे अजून ठरलेलं नाही. भत्त्याचा अर्ज दिलाय. तोवर मावशी सकाळचं एक घर सोडून स्वतः त्याला पोचवतात.