भांडी धुण्यात काय शिकायचं?

प्रश्न : प्रयोगशाळेत मदतनीसाचं काम मिळतंय, पण भांडी धुणं आणि द्रावणं बनवणं एवढंच. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग?

उत्तर : भरपूर. ०.१ मोलर (मोलर म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइडचंच बघा. कागदावर सोपं : ४ ग्रॅम, १ लिटर. प्रत्यक्षात वजन करतानाच ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून खरी संहती, म्हणजे द्रावणाची तीव्रता, अनुमापन करूनच (माहीत असलेल्या तीव्रतेच्या आम्लाशी थोडं थोडं मिसळून, किती लागलं ते मोजून) ठरवावी लागते. शिवाय विरघळताना द्रावण तापतं. गार होण्याआधीच चंबूत खुणेपर्यंत पाणी भरलं, तर नंतर पातळी उतरते आणि संहती जास्त येते. धुतलेल्या काचेवर पाणी सलग पसरायला हवं. ब्युरेटमध्ये (द्रव मोजून सोडायच्या, खुणा असलेल्या काचेच्या नळीत) थेंब चिकटून राहिले, तर तेलकटपणा उरलाय आणि वाचन चुकणार! मात्र महिनाभर नुसतं धुणंच वाट्याला आलं, तर तराजूवरचं काम मागून घ्या.