भूकंपाची ‘वाट’ कशी कळते?

प्रश्न : बातम्यांत भूकंपाचा केंद्रबिंदू एकच सांगतात. मग २००४ चा सुमात्राचा भूकंप थेट अंदमानपर्यंत ‘फाटत गेला’, हे कोणी आणि कसे पाहिले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रत्यक्ष कोणीच पाहिले नाही, ते लहरींच्या नोंदींवरून काढले. केंद्रबिंदू म्हणजे प्रस्तरभंगावरील (खडकांतील मोठ्या भेगेवरील) घसरण जिथे सुरू झाली, त्याच्या बरोबर वरची भूपृष्ठावरील जागा. घसरण तिथेच थांबते असे मुळीच नव्हे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपासाठी संशोधकांनी जपानमधील सुमारे ७०० भूकंपमापकांवर सर्वप्रथम पोहोचलेल्या प्राथमिक लहरींच्या नोंदी घेतल्या. प्रस्तरभंगावरील प्रत्येक संभाव्य बिंदूपासून प्रत्येक मापकापर्यंत येण्यास लहरीला लागणारा वेळ हिशेबात धरून त्या नोंदी तेवढ्याच मागे सरकवल्या आणि त्यांची बेरीज केली. ज्या बिंदूतून त्या क्षणी खरोखर ऊर्जा बाहेर पडत होती, तिथे लहरींची शिखरे एकावर एक येऊन बेरीज ठळक होते. इतरत्र लहरी एकमेकींना खोडून काढतात. हा ठळक ठिपका क्षणाक्षणाला उत्तरेकडे सरकताना दिसला : सेकंदाला साधारण २.८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ ८ मिनिटांत सुमारे १,३०० किलोमीटर.

हे चित्र मात्र एकांगी आहे, कारण त्यात मुख्यतः झपझप कंप पावणाऱ्या लहरींचे उगम उजळतात. जमीन नेमकी किती मीटर सरकली, हे दीर्घ आवर्तनाच्या, म्हणजे सावकाश हेलकावणाऱ्या लहरी आणि जीपीएसच्या मोजमापांवरूनच ठरवावे लागते.