कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत कधी जाता येतं? तिथे पूर्वी काय होतं?

आधी तिथी पाहा. पक्षातल्या तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला साधारण 3 वाजता भरती, म्हणून पूर्ण ओहोटी 9 च्या सुमारास. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अलिबागच्या किनाऱ्यावरून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी चढू लागताच परत फिरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी पुरतं ओसरत नाही. अंतर थोडंच दिसतं म्हणून लोक किल्ल्यावर रेंगाळतात आणि अडकतात. आधी भरतं ते मधल्या सखल भागात, त्यामुळे पायाखालच्या कोरड्या वाळूवर विसंबू नका. पावसाळ्यात जाऊच नका.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. पुढे हे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं बनलं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी तो पडला नाही. 1840 मध्ये आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं आणि इथली सत्ता संपली. आज वस्ती नाही, पण सिद्धिविनायकाचं देऊळ आणि गोड्या पाण्याचा तलाव आहे.

तटबंदी मात्र नीट पाहा! प्रचंड दगड चुन्याशिवाय रचले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो.