नुसता काळा डाग, त्यात ताओ कुठे?

तुम्ही विचारलंय, आजच्या चिनी शाईचित्रांना ताओवादी म्हणतात, पण मला तर नुसता काळा डाग दिसतो, असं का? अहो, बरोबरच दिसतंय. ताओ म्हणजे सृष्टीची आपसूक चालणारी वाट, आणि तिच्याशी जुळवून घ्या असं सांगणारा चीनचा जुना विचार तो ताओवाद. धुकं, डोंगर, होडीतला म्हातारा शोधायला गेलात तर हाती काही लागायचं नाही. चित्रात काय आहे यापेक्षा ते झालं कसं, हे बघायचं.

चित्रकार यांग ज्येचांग घ्या. हा दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातला, लुओफू डोंगरावर एका ताओ गुरूकडे शिकलेला. 1989 मध्ये पॅरिसला पोंपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात त्याने 'शाईचे शंभर थर' मांडले. श्वान कागदावर, म्हणजे चिनी शाईचित्रांच्या पारंपरिक हातकागदावर, शाई, ती वाळली की पुन्हा शाई, पुन्हा शाई. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस. थर चढत गेले की कागद आखडतो, सुरकुततो आणि काळं चकाकायला लागतं. समोरून सपाट, जरा बाजूला सरका, की त्यावरून उजेड हलतो. त्या सुरकुत्या काही त्याने काढलेल्या नाहीत. ताओवादाचा मूळ ग्रंथ 'ताओ ते चिंग', त्याच्या 28व्या अध्यायात आहे, पांढरं जाण, पण काळ्याला धरून राहा. या माणसाने ते अगदी शब्दशः घेतलं!

दुसरा चिनी कलाकार सोंग दोंग, तो यांगच्या उलट टोकाला. 1995 पासून तो दगडावर साध्या पाण्याने रोजनिशी लिहितो. लहानपणी कागद-शाईचा खर्च नको म्हणून वडिलांनी असाच सराव करायला लावला होता. आपली पाटी निदान पुसावी तरी लागायची, इथे अक्षर आपसूक उडून जातं. शाईचा थेंब नाही, तरी मी हे शाईचित्रांतच धरतो.

मी स्वतः हौशी. इंटरमीजिएटच्या वेळी चित्रकलेचे सर ओरडायचे, "पांढरं राहिलंय, भर ते!" त्याच सवयीने श्वान कागदावर कुंचला टेकवला. कागद कच्चा, म्हणजे तुरटी-सरस न लावलेला. क्षणभर थबकलो, तेवढ्यात ठिपका रुपयाएवढा झाला. खोडता येईना, झाकता येईना. दहाएक कागद वाया गेल्यावर हात सैल सुटला. 'ताओ ते चिंग' ज्याच्या नावावर आहे त्या लाओत्सेचं 'वू-वेइ', म्हणजे ओढूनताणून काही न करणं, मला पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळलं.

बाकी दोन फराटे मारून खाली 'ताओ' असं नाव देणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. पण यांगची चित्रं मोबाइलवर बघून ठरवू नका. मोबाइलवर तो खरंच नुसता काळा डाग आहे.