जुन्या फियाटच्या समोरच्या काचेचं रबर बदलताना चमकती पट्टी जुनीच बसवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८९ ची पद्मिनी (म्हणजे जुनी फियाटच) आहे, पाऊस लागला की समोरच्या काचेखालून पाणी येऊन ड्रायव्हरच्या पायाशी साचतं. काचेचं रबर कडक होऊन चिरलंय. गॅरेजवाला म्हणतो, सिलिकॉन मारून देतो. रबरच बदलायचं ठरवलं तर भोवतीची चमकती पट्टी जुनीच बसेल का?

बसेल, आणि जुनीच बसवा. पण सिलिकॉन मारू देऊ नका. बाकीचं उत्तर वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र ऐका. बाजारात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. नळी उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो तो त्याचाच. रंग उडालेल्या पत्र्याला ते लागलं की गंज आणखी जोरात धरतो. शिवाय रबराच्या मागे आधीच मुरलेलं पाणी आत कोंडलं जातं. पुढे कधी रंगकाम काढलं तर सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी रंग धरत नाही, हा त्रास वेगळाच.

आधी पाणी काचेतूनच येतंय याची खात्री करा. जुन्या गाड्यांत वायपरचे दांडे पत्र्यातून बाहेर येतात तिथले वायसर कुजलेले असतात आणि तिथून गळणारं पाणीही नेमकं पायाशीच येतं. कोरड्या दिवशी एकाने आत बसून डॅशबोर्डखाली बॅटरी मारायची, दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी ओतायचं. खालून वर जायचं: आधी वायपरच्या मुळाशी, मग काचेची खालची कड, मग कोपरे, शेवटी वरची कड. प्रत्येक जागी थोडं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशरचा पाइप तर नकोच. त्याने चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसतं.

रबर शोधायला पहिली चक्कर पुण्याच्या नाना पेठेत. तिथे नाही मिळालं तर मुंबई, कुर्ला. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या धावत होत्या तोवर हा माल खपत होता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची टॅक्सीही थांबली, तेव्हा आता जे दिसेल ते नीट पारखून घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेलं रबर न वापरताही मरतं. तुकडा घट्ट दुमडून बघा, वळणावर बारीक भेगा दिसल्या तर परत द्या. नखाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. जुन्या रबराचा एक तुकडा कापून सोबत न्या आणि दोन्हींच्या खाचा शेजारी शेजारी धरून बघा: काचेची खाच, पत्र्याची खाच, पट्टीची खाच. काच बदलली असेल तर जाडी वेगळी असू शकते, म्हणून काचही मोजून न्या. लांबीला रबर कमी भरत असेल तर ‘ताणून बसतं हो’ यावर विश्वास ठेवू नका. ताणलेलं रबर पुढे आक्रसतं आणि कोपऱ्यातून सुटतं.

आता पट्टी. ती पातळ असते आणि एकदा मुडपली की ती घडी पूर्ण कधीच जात नाही. तशी नवी मिळेलच असं नाही. मिळाली तरी कोपऱ्याची गोलाई जुळत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून ती ओढून काढायची नाही. आधी सांध्यावरची छोटी टोपी बाजूला सरकवायची, मग कटरने रबराचा बाहेरचा ओठ पट्टीच्या कडेने कापत जायचं. रबर फेकायचंच आहे, पट्टी वाचली पाहिजे. ओठ कापला की पट्टी आपसूक सुटते आणि काचही आतून तळहाताने दाबल्यावर बाहेर येते. पट्टी जमिनीवर ठेवू नका, कोणाचा तरी पाय पडतोच. दोन खिळ्यांवर भिंतीला टांगा. किरकोळ पोचा असेल तर आतल्या बाजूने लाकडी ठोकळ्यावर नायलॉनच्या हातोडीने हळूहळू काढता येतो. पट्टी फारच गेली असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात नजर टाकायला हरकत नाही, पण त्या भरवशावर जुनी फेकू नका.

काच बाहेर आली की खरं काम दिसतं. खालच्या दोन कोपऱ्यांत चौकटीच्या कडेला हात लावून बघा. रबराखाली पाणी थांबतं ते तिथेच, आणि वरून रंग धड दिसत असला तरी खालचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असतो. रबर या कडेलाच पकड घेतं. कडच खाल्लेली असेल तर कितीही भारी रबर आणा, ते गळणार. त्यामुळे डेंटरला, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याला, स्पष्ट सांगा: गंज तारेच्या ब्रशने उघड्या पत्र्यापर्यंत काढायचा, भोक असेल तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंग. भोकात लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारणं चालणार नाही. लांबी पाणी धरते आणि दोन पावसाळ्यांत तिथेच फुगते. रंग पूर्ण वाळेपर्यंत काच बसवायची घाई करू नका, नाहीतर रबर ओल्या रंगाला चिकटतं. गाडी दोन-चार दिवस जास्त अडकली तरी चालेल, मी तरी इथे तडजोड करत नाही.

बसवताना क्रम महत्त्वाचा. पट्टीची मागची कड रबराच्या खाचेत खोल जाणारी असेल, तर आधी टेबलावर गोधडी अंथरून काचेला रबर चढवायचं, तिथेच पट्टी बसवायची आणि मग सगळं एकत्र गाडीवर न्यायचं. काच गाडीत बसल्यावर ही पट्टी घालायला गेलं की रबर चेपलेलं असतं, खाच उघडत नाही आणि पट्टी वाकते. जुन्या बस-ट्रकच्या काचांना शेवटी घालायची अरुंद कुलूपपट्टी असते, ती वेगळी. तुमच्या गाडीत कोणती आहे ते काढतानाच बघून फोटो काढून ठेवा.

मग दोरीचं काम. चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत सगळीकडून नाडीसारखी ओवायची. खाली मधोमध दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवरून नेऊन आत सोडायची. कडेला पातळ साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. रबर आधी अर्धा तास उन्हात ठेवलं तर चांगलं नरम येतं. बाहेरचा माणूस दोन्ही तळहातांनी काच दाबतो, आतला दोरीचं टोक काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढतो. दोरी सुटेल तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटून बसत जातो. दाब नेहमी दोरी निघत असेल त्याच जागी हवा. कोपऱ्यात अडलं तर गुद्दे मारायचे नाहीत. लॅमिनेटेड काच कडेला ताण आला की तडकते, आणि तडा थांबत नाही. दोरी परत ओवून पुन्हा सुरुवात केलेली परवडते.

हे काम कोणाकडून करून घ्यायचं? हल्लीच्या गाड्यांच्या काचा गोंदाने चिकटवलेल्या असतात, त्यामुळे नव्या काचवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी दोरी कधी हातात धरलेली नसते. टेम्पो-बसच्या काचा बसवणारा जुना कारागीर गाठा आणि पहिला प्रश्न हाच विचारा, की पट्टी आधी घालणार की नंतर? पट्टी बघायच्या आधीच ‘नंतर ठोकून बसवतो’ म्हणाला तर दुसरा शोधा.

बसवल्यावर परत मगाने तीच तपासणी करा. एखाद्या कोपऱ्यातून थेंब आलाच, तर रबराचा बाहेरचा ओठ प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने उचलून पत्रा आणि रबर यांच्यामध्ये न सुकणारा ब्युटिल सीलंट नळीने भरा. तो मऊच राहतो, आणि पुढे कधी काच काढावी लागली तर केरोसीनच्या फडक्याने पुसून निघतो. रबराला मात्र केरोसीन लागू देऊ नका.