प्रश्नोत्तरे : आरोप, सुनावणी आणि आचारसंहिता

महाविद्यालयातील वर्तनाच्या नियमांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच येथे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. शिस्त समितीवर मी बरीच वर्षे काढली असल्याने काही उत्तरांत समितीचा चष्मा दिसेल. तेवढा भाग वाचकांनी वजा करून वाचावा.

प्रश्न : माझा निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिला असल्याची शक्यता एका तपासणी सॉफ्टवेअरने ‘८२ टक्के’ दाखवली. ‘माफीनामा लिहून दे, प्रकरण इथेच मिटवतो’, असे प्राध्यापक म्हणतात. निबंध माझाच आहे. माफीनामा द्यावा का?

उत्तर : देऊ नका. माफीनामा म्हणजे कबुली, आणि एकदा सही झाली की तो कागद तुमच्याबरोबर पुढच्या प्रत्येक अर्जापर्यंत येऊ शकतो. प्राध्यापक हे चांगल्या मनाने सुचवत असतील, परंतु प्रकरण परस्पर मिटवण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिला आहे का, हे आधी पाहावे. आरोप करणारा आणि निवाडा देणारा एकच असू नये, हे तत्त्व ज्या आचारसंहितेत पाळले आहे, तिथे तो अधिकार त्यांना सहसा नसतो.

आता त्या ८२ टक्क्यांविषयी. हा आकडा म्हणजे शब्दांच्या ठेवणीवरून सॉफ्टवेअरने बांधलेला अंदाज असतो. निबंध कोणी लिहिला, याची नोंद त्या सॉफ्टवेअरजवळ नसते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतः असे तपासणीचे साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले. त्यामुळे असा आकडा चौकशी सुरू करण्यास पुरेसा मानला, तरी शिक्षा करण्यास पुरत नाही.

कोणत्या नियमाचा भंग झाला, पुरावा काय आणि खुलाशासाठी किती मुदत आहे, हे तिन्ही लेखी मागा. ही मागणी उद्धटपणाची नाही. केंब्रिज विद्यापीठाने १७१८ साली रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या, तेव्हा प्रकरण किंग्ज बेंच या न्यायालयात गेले आणि पदव्या परत द्याव्या लागल्या. आदमला शिक्षा देण्यापूर्वी ईश्वरानेही त्याला बाजू मांडू दिली होती, अशा आशयाचे न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांचे उद्गार त्याच खटल्यातले आहेत.

दरम्यान कच्चे खर्डे, संगणकावरील फाइलमधील बदलांचा इतिहास, वाचनाची टिपणे असे जे असेल ते गोळा करा, आणि ‘या निबंधावर माझी तोंडी परीक्षा घ्या’, असे आपणहून सुचवा. एका सुनावणीत विद्यार्थिनीने वहीची दोन पाने आमच्यासमोर ठेवली होती. तिसऱ्या परिच्छेदावर काट मारून समासात ‘हे आधी घ्यावे’ असे लिहिलेले होते, आणि छापील निबंधात तो मजकूर खरोखरच आधी आला होता. पुढे विचारण्यासारखे काही उरले नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याला स्वतःच्या निबंधात चार वेळा आलेल्या ‘द्वंद्वात्मक’ या शब्दाचा अर्थ सांगता आला नव्हता. दोन्ही वेळा निर्णय सोपा झाला, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरची गरज पडली नाही.

मात्र काही भागापुरती यंत्राची मदत घेतली असेल, तर कुठे आणि किती, हे पहिल्याच खुलाशात सांगून टाका. ते नंतर बाहेर आले, तर मूळ चुकीपेक्षा लपवाछपवीच अधिक महागात पडते.

प्रश्न : मी प्रयोगशाळा सहायक आहे. आमचे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून घरची कामे करून घेतात. आचारसंहितेची पुस्तिका मात्र फक्त विद्यार्थ्यांना वाटली जाते. मी बोलावे का?

उत्तर : बोलावे, आणि लेखी बोलावे. पुस्तिका कोणाला वाटली, यावर नियम कोणाला लागू हे ठरत नाही. अध्यापक आणि कर्मचारी यांच्यासाठी सेवाशर्तींमध्ये वर्तनाचे नियम असतात, फक्त ते कपाटात राहतात. ज्याच्या हाती गुण आहेत त्याने ‘सहज’ म्हणून सांगितलेले काम विद्यार्थ्याच्या दृष्टीने सहज नसते. त्याने आनंदाने होकार दिला, एवढ्याने त्यातला दबाव नाहीसा होत नाही. तक्रारीत मते लिहू नका. तारीख, वेळ, काम आणि स्वतः पाहिलेले तेवढेच लिहा, आणि पोच घ्या. तक्रारीबद्दल तक्रारदाराला त्रास देणे हा स्वतंत्र गैरवर्तनाचा प्रकार असल्याचे तुमच्या नियमांत आहे का, हेही तपासून ठेवा.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात रात्री एका वर्गमित्राच्या तोतरेपणाची नक्कल करणारे संदेश फिरले. गट खासगी, वेळ महाविद्यालयाबाहेरची. वर्गशिक्षक म्हणून माझा यात काही अधिकार आहे का?

उत्तर : घटना कुठे घडली यापेक्षा तिचा परिणाम कुठे झाला, हे पाहावे. दुसऱ्या दिवशी तो मुलगा तोंडी सादरीकरणाला उभा राहायला तयार नसेल किंवा वर्गातच यायचा बंद झाला असेल, तर प्रकरण महाविद्यालयाच्या आवारात आले आहे. परंतु म्हणून विद्यार्थ्यांचे फोन मागवून चाळत बसू नका. ज्याने संदेश दाखवले त्याच्याकडून तेवढेच घ्या, मागचेपुढचे संदेश धरून, कारण मधलाच एक तुकडा फसवतो. कोणत्याही कारवाईआधी ज्याची टिंगल झाली त्याला एकांतात विचारा, की त्याला काय हवे आहे. मोठ्या सभेत सर्वांना माफी मागायला लावणे शिक्षकांना फार आवडते. त्यात त्या मुलाचीच पुन्हा शोभा होते.

हे केवळ अप्रिय मतप्रदर्शन असते, म्हणजे परीक्षेच्या वेळापत्रकावर किंवा प्राचार्यांच्या भाषणावर टीका असती, तर मी तुम्हाला गप्प बसायला सांगितले असते.

प्रश्न : परीक्षेत कॉपी करणाऱ्या प्रत्येकाला, पहिलीच वेळ असली तरी, काढून टाकावे, असा ठराव आमच्याकडे येतो आहे. प्राचार्य म्हणून मी पाठिंबा द्यावा का?

उत्तर : माझा सल्ला नाही असा आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाची सन्मान-पद्धती, म्हणजे प्रामाणिक वागण्याची हमी विद्यार्थ्यांनीच देण्याची व्यवस्था, १८४२ साली सुरू झाली आणि तिथे पुढे दीर्घकाळ खोटे बोलणे, फसवणूक आणि चोरी यांना कायमची हकालपट्टी ही एकच शिक्षा होती. २०२२ साली विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती बदलली. एकाच टोकाच्या शिक्षेची अडचण अशी, की शिक्षकाला चिठ्ठी दिसते, पण पुढचे सगळे डोळ्यासमोर येऊन तो तक्रारच करत नाही, आणि समितीलाही शंकेचा फायदा देण्याची घाई होते. कडक नियम मग कागदावर राहतो. पेपर रद्द करणे, सत्र गमावणे, निलंबन अशी चढती पायरी ठेवा. हकालपट्टी दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणे किंवा प्रश्नपत्रिका फोडणे यांसाठी राखा. नियम बदललाच, तर तो पुढच्या परीक्षेपासून लागू करा, मागच्या प्रकरणांना नव्हे.

प्रश्न : मी शिस्त समितीवर आहे. ज्या विद्यार्थ्याची सुनावणी आहे, तो माझ्या जुन्या मैत्रिणीचा मुलगा आहे. मी निःपक्ष राहू शकते, अशी माझी खात्री आहे. तरीही बाजूला व्हावे का?

उत्तर : व्हावे. तुमच्या खात्रीबद्दल मला शंका नाही, पण तिच्यावर विसंबून राहणे समोरच्या पक्षाला शक्य नसते. एकदा आमच्या समितीवर तक्रारदार प्राध्यापकच बसले होते. ते पूर्ण वेळ एक शब्दही बोलले नाहीत आणि अध्यक्षपद माझ्याकडे असूनही मला त्यात काही खटकले नाही. अपिलात निर्णय रद्द झाला, सुनावणी नव्याने घ्यावी लागली आणि तोपर्यंत दोन साक्षीदार पदवी घेऊन निघून गेले होते. म्हणून बैठकीच्या आधी अध्यक्षांना लेखी कळवा, कागदपत्रांचा संच न उघडता परत करा, आणि तो विषय चालू असताना खोलीबाहेर थांबा. इतिवृत्तात तुम्ही बाहेर गेल्याची आणि परत आल्याची वेळ नोंदवली आहे ना, तेवढे मात्र सही करण्यापूर्वी पाहा.